पाठवायचं की ठेवायचं? बेटांवरचं टेलिमेडिसिन आणि परवडणारी जोडणी

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटची प्रश्नोत्तरं थोडक्यात दिली आहेत.)

विषयाचं नाव जरा जडच आहे, म्हणून सुरुवात एका बेटापासून करू.

लक्षद्वीपमध्ये बित्रा नावाचं बेट आहे. २०११च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या भरली २७१. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या हाउसिंग सोसायटीत याहून जास्त माणसं राहतात. कोची तिथून साडेचारशे किलोमीटरपेक्षा जास्त लांब. अख्ख्या लक्षद्वीपचं क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर, वस्तीची बेटं १०, माणसं त्या जनगणनेप्रमाणे ६४,४७३, आणि विमानतळ एकच, अगत्तीला. बाकी बेटांवर जायचं तर बोट, नाहीतर हेलिकॉप्टर.

आता समजा, जुलै महिना आहे. समुद्र खवळलेला. अशा एखाद्या छोट्या बेटावरच्या आरोग्य केंद्रात पन्नाशीतला एक मच्छीमार येतो. छातीत दुखतंय, घाम आलाय. हे हृदयविकाराचं दुखणं असेल, तर एकेक मिनिट मोलाचं. आणि पित्ताचं, स्नायूचं दुखणं असेल, तर गोळी घेऊन घरी जाऊन झोपला तरी चालेल. केंद्रावर जो कोणी असेल, तरुण डॉक्टर असेल नाहीतर नर्स असेल, त्यांच्यापुढे प्रश्न एकच असतो: पाठवायचं की ठेवायचं?

टेलिमेडिसिन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठा पडदा येतो, पलीकडे पांढऱ्या कोटातले तज्ज्ञ, अलीकडे रुग्ण. पण बेटांच्या बाबतीत ही सगळी यंत्रणा मुख्यतः या एका प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी असते. हे एकदा लक्षात घेतलं की कोणती जोडणी परवडते आणि कोणती नाही, याचा हिशोब पार बदलतो. तोच हिशोब आज मांडायचा आहे.

आधी ‘पाठवणं’ म्हणजे काय ते बघू. हेलिकॉप्टर मागवायचं म्हणजे इंधन, वैमानिक, हवामानाची परवानगी. दिवस मावळला किंवा ढग खाली आले तर तेही नाही. बोटीने जायचं तर चौदा-पंधरा तास किंवा त्याहून जास्त, आणि पावसाळ्यात फेऱ्याच कमी. बरोबर घरचं एक माणूस जाणार, म्हणजे दोघांची मजुरी बुडणार. कोचीत राहायचं कुठे, खायचं काय, भाषा कोण बोलणार? कोचीत मल्याळम चालतं आणि लक्षद्वीपची बहुतेक बेटं मल्याळमचीच एक बोली बोलतात, हे सोयीचं. पण मिनिकॉयची भाषा महल, ती मालदीवच्या धिवेहीची बहीण. तिथल्या आजीबाईंना कोचीच्या वॉर्डात एकटं ठेवून बघा, म्हणजे दुखण्याचा अर्धा भाग कशाला म्हणतात ते कळेल.

आणि ‘ठेवणं’ चुकलं तर? त्याची किंमत सांगायला नको.

म्हणजे दोन्ही बाजूंनी चूक महाग आहे. त्यामुळे केंद्रावरचा माणूस काय करतो? जबाबदारी नको म्हणून पाठवून देतो. त्याला दोष देता येणार नाही, आपणही तेच केलं असतं. जगातल्या बहुतेक दूरच्या बेटांवर आरोग्याच्या पैशांतला मोठा वाटा या ने-आणीवर जातो. आता इथेच, पलीकडून कोणी अनुभवी डॉक्टर पाच मिनिटं बोलले तर?

या पाच मिनिटांसाठी तारेतून किंवा आकाशातून नेमकं किती सामान जावं लागतं? आपण साधा गुणाकार करू. ईसीजी घ्या. बारा लीड, दहा सेकंद, सेकंदाला पाचशे नोंदी, प्रत्येक नोंदीला दोन बाइट. झाले १ लाख २० हजार बाइट, म्हणजे १२० केबी. तुमच्या सकाळच्या ‘शुभ प्रभात’च्या फुलांचं चित्र बहुतेक वेळा यापेक्षा मोठं असतं! (हशा) हाच ईसीजी ६४ केबीपीएसच्या, म्हणजे जुन्या टेलिफोनच्या एका लाइनीएवढ्या जोडणीवरून पंधरा सेकंदांत जातो. छातीच्या एक्स-रेचा मोबाइलवर नीट काढलेला फोटो तीन-चारशे केबी. कातडीवरच्या चट्ट्याचा फोटो तेवढाच. उलट, बरा दिसणारा व्हिडिओ कॉल हवा असेल तर सतत पाचशे केबीपीएस ते एक एमबीपीएस लागतात, तेही मध्ये न तुटता.

छातीत दुखणाऱ्या आपल्या मच्छीमाराला व्हिडिओची गरज फार कमी आहे, त्या १२० केबीची गरज फार जास्त आहे. हे नुसतं कागदावरचं गणित नव्हे. गोव्यात २०१८च्या अखेरीस स्टेमी प्रकल्प सुरू झाला, त्याचं तत्त्व हेच. ग्रामीण आरोग्य केंद्रात ईसीजी काढायचा, साध्या मोबाइल डेटावरून तो पाठवायचा, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमधल्या हृदयरोगतज्ज्ञांनी वाचायचा, आणि झटका नक्की असेल तर रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे द्यायचं, मग रुग्ण हलवायचा. गोवा काही बेट नाही. पण गाठ विरघळायला लागल्यावर निघालेला रुग्ण आणि त्याआधी निघालेला रुग्ण यांच्यातला फरक बेटावर कित्येक पटींनी वाढतो, कारण पुढचा प्रवास ॲम्ब्युलन्सचा नसून समुद्राचा असतो.

आता थोडा इतिहास, कारण यातलं पुष्कळसं शहाणपण पन्नास वर्षांपूर्वीच हाती आलेलं आहे.

नासाने १९६६च्या डिसेंबरमध्ये एटीएस-१ नावाचा प्रायोगिक उपग्रह सोडला. तो भूस्थिर कक्षेत, म्हणजे विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पॅसिफिकच्या डोक्यावर होता. नासाचे मूळ प्रयोग संपले तरी उपग्रह चालूच होता. तेव्हा हवाई विद्यापीठातल्या जॉन बायस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं की हा आम्हाला वापरू द्याल का? १९७१मध्ये त्यातून ‘पीससॅट’ हे जाळं सुरू झालं. हवाई, न्यूझीलंड, फिजी आणि मग पॅसिफिकमधली कितीतरी बेटं त्याला जोडली गेली.

यातली खरी गंमत जमिनीवरच्या सामानात आहे. एटीएस-१वर व्हीएचएफ लहरींचा रेडिओ होता, म्हणजे टॅक्सीवाले आणि पोलिस वायरलेसवर वापरतात त्यांच्या शेजारच्याच लहरी. त्यामुळे बेटांवर टॅक्सीच्या वायरलेस संचांत फेरफार करून आणि हाताने बनवलेले अँटेना लावून केंद्रं उभी राहिली. चॅनल एकच. एक जण बोलणार, बाकी सगळे ऐकणार, बोलून झालं की ‘ओव्हर’. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागायचा, त्यामुळे एकमेकांचं बोलणं तोडून चालायचंच नाही. (आपल्या टीव्हीवरच्या चर्चांना ही सोय करायला हवी.) यावरून शिक्षणाचे वर्ग चालले, हवामानाचे इशारे गेले, डॉक्टरांच्या सल्ल्याच्या बैठका झाल्या.

हाच उपग्रह अलास्कात सुमारे दोन डझन खेड्यांना जोडत होता. ती बेटं नव्हेत, पण रस्ता नाही, विमानाशिवाय पोचता येत नाही, म्हणजे व्यवहारात बेटंच. तिथे प्रत्येक खेड्यात गावातलीच एक आरोग्य सेविका असायची. रोज ठरलेल्या वेळी रुग्णालयातला डॉक्टर एकेका गावाला हाक मारायचा. पूर्वी त्यांच्याकडे साधा शॉर्टवेव्ह रेडिओ होता. त्याचं हवेच्या लहरीवर अवलंबून असायचं, कधी लागला, कधी दिवसचे दिवस नाही. उपग्रह आल्यावर आवाज काही फार सुंदर झाला नाही, पण रोज लागायला लागला. डॉक्टरशी बोलणं झालं अशा दिवसांची संख्या एकदम वाढली. आणखी एक फायदा झाला, तो कोणी योजलेला नव्हता. चॅनल उघडं असल्यामुळे एका गावच्या रुग्णाबद्दल डॉक्टर काय सांगतात ते बाकीच्या गावांतल्या सेविका ऐकत होत्या. म्हणजे रोजचा तास हा त्यांचा वर्गच झाला. रुग्णाच्या गुप्ततेचं मात्र तीन तेरा वाजत, हेही सांगायला हवं.

मग १९७४मध्ये एटीएस-६ आला. हा मोठा, ताकदवान. त्याच्यावरून अलास्कात व्हिडिओ सल्ल्याचा प्रयोग झाला. सगळ्यांना वाटलं, आता डॉक्टर रुग्ण बघू शकतील, निदान सुधारेल. पण मूल्यमापन करणाऱ्यांना बहुतेक रुग्णांच्या बाबतीत नुसत्या आवाजावरचा सल्ला आणि चित्रासह सल्ला यांच्या परिणामांत फारसा फरक सापडला नाही. चित्र थोड्या ठरावीक प्रकरणांतच कामाला आलं. हा निष्कर्ष १९७६च्या सुमाराचा आहे. त्यानंतरही जगभर टेलिमेडिसिनची टेंडरं निघत राहिली, आणि त्यांत पहिली ओळ कुठली? व्हिडिओ कॉन्फरन्सिंग.

जाता जाता, हा एटीएस-६ आपल्या ओळखीचा आहे. १९७५मध्ये तो सरकवून भारतासाठी आणला आणि वर्षभर सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत त्यावरून टीव्ही दाखवला, तोच ‘साइट’ प्रयोग.

पीससॅटचं पुढे काय झालं? एटीएस-१ ठरलेल्या आयुष्यापेक्षा कितीतरी जास्त जगला. पण १९८५मध्ये त्याला जागेवर धरून ठेवणारं इंधन संपलं आणि तो सरकत निघून गेला. बेटांवरचे संच तसेच होते, माणसं तशीच होती, आणि एके दिवशी वर कोणी नव्हतं. पुढे काही वर्षांनी गोज-३ नावाचा निवृत्त हवामान उपग्रह या कामासाठी मिळाला. हे आम्ही मुद्दाम सांगतोय, कारण ‘परवडणारी’ हा शब्द उच्चारला की लोक ‘फुकट’ ऐकतात. फुकट मिळालेली जोडणी ही देणाऱ्याच्या सोयीने मिळते आणि त्याच्या सोयीने जाते. पॅसिफिकला उपग्रह फुकट होता, कोणाला प्रकल्पाच्या पैशातून तीन वर्षं लाइन मिळते, कोणाला कंपनी सहा महिने चाचणीसाठी देते. चौथ्या वर्षी बिल कोण भरणार, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा असतो आणि तो विचारणारा माणूस बैठकीत नेहमी अपशकुनी ठरतो.

आता सॉलोमन बेटं. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला. २००१च्या सुमाराला तिथे अंतर्गत यादवी नुकतीच शमू लागली होती, टेलिफोन मोजक्याच जागी. तिथे ‘पीपल फर्स्ट नेटवर्क’ म्हणून एक जाळं उभं राहिलं. दूरच्या बेटावर एक लॅपटॉप, एक शॉर्टवेव्ह रेडिओ, मध्ये मोडेम आणि वर सोलर पॅनेल. ठरलेल्या वेळी तो राजधानी होनियाराला रेडिओवरून हाक मारणार आणि ई-मेल देणार-घेणार. वेग? अतिशय कमी, सेकंदाला दोन-अडीच हजार बिट. आपला ईसीजी त्यावरून जायला सहा-सात मिनिटं लागतील. पण प्रसंगी सहा-सात मिनिटं चालतात! दरमहा उपग्रहाचं भाडं नाही. शाळा, चर्च, दुकानदार, आरोग्य केंद्र, सगळे तोच संच वापरत आणि मजकुरामागे थोडे पैसे देत. आरोग्य खात्याने स्वतःची वेगळी लाइन टाकली नाही, हा त्यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग, असं आमचं मत आहे.

त्याच होनियाराच्या राष्ट्रीय रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट नव्हता. म्हणजे गाठ काढली, पण ती कॅन्सरची की साधी, हे सांगणारं देशात कोणी नाही. तुकडा परदेशी पाठवला की उत्तर यायला आठवडेच्या आठवडे. मग तिथल्या शस्त्रक्रिया विभागाने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावला, स्लाइडचे फोटो काढले आणि ई-मेलने स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठाकडे पाठवायला सुरुवात केली. तिकडचे तज्ज्ञ आपल्या सवडीने बघून लिहून पाठवत. आठवड्यांचं उत्तर एक-दोन दिवसांवर आलं. आता बाझल आणि होनियारा यांच्यात नऊ-दहा तासांचा फरक. व्हिडिओ कॉल करायचा तर एकाने रात्री जागायला हवं. ई-मेलला हा प्रश्नच नाही. या पद्धतीला ‘स्टोअर अँड फॉरवर्ड’ म्हणतात. आपण ‘साठवा आणि पाठवा’ म्हणू.

होनोलुलूच्या ट्रिपलर लष्करी रुग्णालयानेही मायक्रोनेशिया, मार्शल बेटं, पलाऊ यांच्यासाठी १९९०च्या दशकात हीच पद्धत वेबवर आणली. बेटावरचा डॉक्टर रुग्णाची माहिती आणि फोटो टाकणार, होनोलुलूचे तज्ज्ञ लिहून उत्तर देणार. यात काही रुग्णांना ‘पाठवू नका, तिथेच असं असं करा’ असं उत्तर मिळालं आणि हजारो किलोमीटरचा हेलपाटा वाचला. काहींना उलट ‘लगेच पाठवा’ असं. दोन्ही उत्तरं तितकीच कामाची. पण पहिल्यातून वाचलेले पैसे मोजता येतात, म्हणून अहवालांत तीच जास्त दिसतात.

आता परत आपल्याकडे येऊ. लक्षद्वीपची जोडणी वर्षानुवर्षं उपग्रहावर होती. २००० नंतर इस्रोने उपग्रहावरून टेलिमेडिसिनचं जाळं उभं केलं, त्यात लक्षद्वीपची काही बेटं कोचीच्या अमृता रुग्णालयाशी जोडली गेली. पुढे अनेक वर्षं सगळ्या लक्षद्वीपसाठी मिळून उपग्रहाची क्षमता होती ३१८ एमबीपीएस. म्हणजे आज मुंबई-पुण्यात दोन-तीन घरांत मिळून जेवढी ब्रॉडबँड जोडणी असते, तेवढ्यात साठ-पासष्ट हजार माणसं, बँका, कलेक्टर कचेरी, शाळा, दवाखाने सगळे. नंतर ती १.७१ जीबीपीएस झाली. मग ३ जानेवारी २०२४ला कोची ते लक्षद्वीप समुद्राखालच्या ऑप्टिकल फायबर केबलचं उद्घाटन झालं. लांबी १,८६८ किलोमीटर, अकरा बेटं जोडली, क्षमता २०० जीबीपीएस, खर्च सुमारे १,०७२ कोटी रुपये. त्या अकरांत आपलं २७१ माणसांचं बित्राही आहे.

डोकी मोजली तर माणशी किती? १,०७२ कोटी भागिले ६४,४७३. साधारण १ लाख ६६ हजार रुपये. (सभागृहात कुजबुज) हो, आम्हालाही आकडा बघून असंच वाटलं होतं. अंदमान-निकोबारची केबल १० ऑगस्ट २०२०ला सुरू झाली, सुमारे २,३०० किलोमीटर आणि १,२२४ कोटी. तिथे लोकसंख्या ३ लाख ८० हजार, म्हणून माणशी ३२ हजारांवर आलं.

हे परवडलं कसं? तुमच्या-माझ्या फोनच्या बिलातून. टेलिकॉम कंपन्यांना त्यांच्या समायोजित महसुलाच्या ५ टक्के रक्कम सार्वत्रिक सेवा निधीत भरावी लागते. आता त्याचं नाव डिजिटल भारत निधी. दोन्ही केबल त्यातून झाल्या. म्हणजे देशभरातल्या कोट्यवधी ग्राहकांनी काही पैसे-काही पैसे उचलून बेटांना दिले. आमच्या मते ते योग्य झालं. रस्ता बांधताना आपण त्या गावात माणशी किती खर्च येतो हे विचारत नाही.

पण ही सोय मोठ्या देशाच्या बेटांना. किरिबाटी हा देश घ्या. तेहतीस बेटं, सुमारे १ लाख २० हजार माणसं, आणि त्यांचा समुद्र ३५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या भूभागाहून मोठा. तिथे ज्यांच्या फोनबिलातून पैसे काढायचे ते हेच १ लाख २० हजार. म्हणून तिथे हिशोब वेगळा पडतो: केबल आली तर मोजक्या बेटांपर्यंत, बाकीच्या बेटांना उपग्रह आणि रेडिओच.

आणि केबल आली म्हणजे झालं, असंही नाही. १५ जानेवारी २०२२ला टोंगात समुद्रातला ज्वालामुखी फुटला. देशाला बाहेरच्या जगाशी जोडणारी एकुलती एक केबल तुटली, ती जोडायला पाच आठवडे लागले. देशांतर्गत बेटांना जोडणारी केबल तर पूर्ववत व्हायला वर्षाहून जास्त काळ गेला. नेमकी ज्या दिवशी गरज सगळ्यात जास्त, त्याच दिवशी रुंद रस्ता बंद. केबल आल्यावर जुना उपग्रहाचा संच भंगारात काढण्याची घाई करू नये, ती एवढ्यासाठी. आणि आरोग्य केंद्राचं कामकाज असं बसवावं की रुंद जोडणी गेली तरी १२० केबीचा ईसीजी अरुंद वाटेने जाईल. सॉफ्टवेअरमध्येच ही सोय हवी: लाइन नसेल तर साठवून ठेव, आली की आपोआप पाठव, आधी ईसीजी, मग फोटो, मग बाकीचं. पुष्कळ सॉफ्टवेअर शहरात बसून लिहिलेलं असतं. त्याला लाइन गेली की ते नुसतं गोल फिरत राहतं.

शेवटच्या शंभर मीटरांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. केबल किनाऱ्याला लागते. तिथून दवाखान्याच्या टेबलापर्यंत काय असतं? खारा वारा. कोकणात ज्यांचं घर आहे त्यांना सांगायला नको, खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत कसे होतात ते. तसंच कनेक्टर, प्लग, अँटेनाचे सांधे. वीज डिझेल जनरेटर आणि सोलरवर. सोलरची बॅटरी तीन-चार वर्षांनी बदलायची असते, आणि त्या वर्षी बजेटमध्ये तिची ओळ नसते. ईसीजी यंत्र चालू, लाइन चालू, पण छातीला चिकटवायचे इलेक्ट्रोड संपले, हेही होतं. चार-पाचशे रुपयांच्या पाकिटासाठी हजार कोटींची केबल रिकामी बसते. म्हणून सुट्या भागांची पेटी बेटावर हवी, मुख्यालयात नको.

आणि माणूस. पलीकडे कोण बसणार, हा प्रश्न तांत्रिक लोकांना सुचतच नाही. मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाच्या ओपीडीबाहेर शंभर माणसं उभी असतात. त्यातून उठून ते पडद्यासमोर का येतील? तो वेळ त्यांच्या ड्युटीत धरलेला असेल तर येतील, नाहीतर पहिले दोन महिने उत्साहाने येतील. अलास्काची रोजची ठरलेली वेळ आठवा. आपल्याकडे ई-संजीवनी २०१९मध्ये सुरू झाली. (सी-डॅक म्हटलं की आपल्याला पुणं आठवतं, पण हे काम त्यांच्या मोहालीच्या केंद्राचं.) तिच्यात ‘हब’ आणि ‘स्पोक’ अशी रचना आहे, म्हणजे सल्ला देणाऱ्या डॉक्टरांची केंद्रं ठरलेली असतात. २०२३च्या फेब्रुवारीपर्यंत तिच्यावर दहा कोटी सल्ले झाले. कायद्याची बाजूही आता मोकळी आहे. २५ मार्च २०२०ला, लॉकडाउन सुरू झाला त्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात व्हिडिओ, फोनवरचा आवाज आणि लिखित मजकूर, तिन्ही प्रकार मान्य आहेत. त्यामुळे व्हिडिओ नसेल तर सल्ला वैध नाही, ही समजूत चुकीची आहे. या रुग्णासाठी हे पुरेसं आहे की नाही, ते डॉक्टरने ठरवायचं.

आता सगळ्यात अवघड गाठ. जोडणीमुळे एक हेलिकॉप्टर फेरी वाचली, तर पैसे कोणाचे वाचले? वाहतुकीच्या खात्याचे. जोडणीचं बिल कोण भरतं? आरोग्य खातं, किंवा आयटी विभाग. तज्ज्ञाचा वेळ कोणाचा गेला? कोचीच्या रुग्णालयाचा. रुग्णाच्या घरच्यांची मजुरी वाचली, ती कुठल्याच वहीत नाही. वर्षाअखेरीस आरोग्य खात्याच्या कागदावर टेलिमेडिसिन म्हणजे निव्वळ खर्च दिसतो, आणि कपात आली की पहिली कुऱ्हाड त्यावर. आम्हाला विचाराल तर कुठल्याही बेटाच्या प्रशासनाने ‘रुग्ण हलवणं’ आणि ‘रुग्णाबद्दल विचारणं’ हे दोन्ही खर्च एकाच खात्यात, एकाच अधिकाऱ्याखाली ठेवावेत. मग त्या अधिकाऱ्याला आपोआप कळेल की महिन्याचं इंटरनेट बिल आणि एक फेरी यांत स्वस्त काय.

प्रश्न: आता स्टारलिंकसारखे खालून फिरणारे उपग्रह आलेत. मग हे सगळं कालबाह्य नाही का?

बराच फरक पडलाय, हे खरं. हे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात, ३५,७८६वरून नाही. त्यामुळे तो पाव सेकंदाचा उशीर गेला, व्हिडिओ सरळ चालतो, आणि संच सुटकेसमध्ये मावतो. टोंगात ज्वालामुखीनंतर असे संच आणून बसवलेही. छोट्या बेटाला केबलपेक्षा हे नक्कीच स्वस्त पडेल. पण एटीएस-१ची गोष्ट विसरू नका. दर कोण ठरवणार, उद्या वाढवले तर काय, याचा करार आधी हवा. आणि बॅटरी, इलेक्ट्रोड, पलीकडचा डॉक्टर हे तिन्ही प्रश्न उपग्रह कितीही खाली आला तरी जमिनीवरच राहतात.

प्रश्न: व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून डॉक्टर सर्रास विचारतातच की. वेगळी यंत्रणा कशाला?

पाठवतात, आणि त्यातून माणसं वाचली आहेत, त्यामुळे नाक मुरडण्यात अर्थ नाही. अडचण तीन ठिकाणी येते. एक, ज्या डॉक्टरची ओळख आहे त्यालाच विचारता येतं. त्यांची बदली झाली की नव्या नर्सकडे नंबरच नसतो. दुसरं, उत्तर कोणाच्या तरी खासगी फोनवर राहतं, रुग्णाच्या कागदावर येत नाही. सहा महिन्यांनी तोच रुग्ण आला की पुन्हा पहिल्यापासून. तिसरं म्हणजे रात्री दोनला पाठवलेला फोटो सकाळी सातला बघितला, तर मधल्या पाच तासांची जबाबदारी कोणाची, हे ठरलेलं नसतं. तेव्हा व्हॉट्सॲप बंद करा असं आम्ही म्हणणार नाही. आज रात्री उत्तर द्यायची पाळी कोणाची आहे, त्या नावाचा आणि नंबरचा कागद केंद्राच्या भिंतीवर लावा आणि दर सोमवारी बदला. याला काही बँडविड्थ लागत नाही.

प्रश्न: आपल्याकडे भामरागडला पावसाळ्यात पूर आला की गावं तुटतात. तिथे हे लागू होईल?

शंभर टक्के. बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी एवढंच कशाला धरायचं? पर्लकोटेच्या पुलावर पाणी आलं की भामरागडही तेवढे दिवस बेटच. फरक एवढा की तिथे पूर कधी येणार याचा अंदाज आपल्याला असतो. तेव्हा मे महिन्यातच यादी करून ठेवता येते: पुढच्या चार महिन्यांत कोणाचे दिवस भरतायत, कोणाला सिकलसेल आहे, कोणाची रक्तदाबाची गोळी संपणार आहे. त्यातल्या कोणाला आधीच हलवायचं आणि कोणाबद्दल नुसतं रोज विचारत राहायचं, हे पाऊस पडायच्या आधी ठरवता येईल. आणि रोजच्या त्या विचारण्यासाठी साधा आवाज पुरतो.